टिबू

कादंबरीच्या प्रुफातलं शब्दकोशाचं शेवटचं पान वाचताना मृणाल एका शब्दापाशी थांबली. "टिबू : भिंतीपलीकडे, पण आवाज पोचेल इतकं जवळ." समोर बसलेल्या विशाखाने मान खाली घातली.

आपल्या कादंबरीतल्या बेटावरच्या लोकांसाठी विशाखाने अख्खी भाषा रचली होती. वर, खाली, मधोमध यांसाठीचे सगळे शब्द तिचे. टिबू तेवढा मृणालचा, धाकट्या बहिणीचा. लहानपणी गोवर निघाला म्हणून मृणालला शेजारच्या खोलीत एकटीला निजवलं, तेव्हा भिंतीवर टकटक करत तिने तो शोधून काढला होता. विशाखाने न विचारता उचलला.

मृणाल मात्र हसली. "माझा शब्द घेतलास, बरं केलंस. पण ताई, अर्थ अर्धाच लिहिलायस गं. 'आणि हाक मारली की उठून येणारं', हे राहिलंच."

राहिलं नव्हतं, खोडलं होतं. मार्चमध्ये स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मृणालचा फोन आला होता, "ताई, भीती वाटतेय, येतेस?" हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून होतं. शब्दकोश उद्या द्यायचाय, असं सांगून विशाखा गेली नाही. त्या संध्याकाळी टिबूपाशी आल्यावर पुढचं अर्धं वाक्य तिला तसंच ठेववेना.

"विसरले असेन," ती पुटपुटली.

मृणालने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "ताई, साखर कुठंय?"

विशाखा इतक्या घाईने उठली की खुर्ची मागे कलंडली.