एकचाकीचं चाक

पैठण गेटच्या सायकल दुरुस्तीवाल्या मुंजाबा मिस्त्रींचा पारा चढला होता. द्वारकाच्या कोऱ्या एकचाकी सायकलचं चाक सकाळपासून त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याला डावीकडं घासत होतं, आणि चार वाजता सर्कसवाले तिची परीक्षा घेणार होते.

"काका, तुमाला जमंना तर तसं सांगा!"

"तीस वर्सं वाकड्या चाकांचा आऊट काढतोय मी. मला नाय शिकवायचं!"

त्यांनी तारा पुन्हा कसल्या आणि चाक उलटं करून बसवलं. आता ते उजवीकडं घासायला हवं होतं. ते डावीकडंच घासलं. चिमट्यात दुसरं चाक घातलं, तर ते बरोबर मधोमध फिरलं. म्हणजे चिमटा सरळ होता.

तिचं चाक परत बसवून, पाना आपटून मुंजाबा सायकलच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. चाक सावकाश उजवीकडं सरकलं. ते परत डाव्या बाजूला आले, तसं चाकही डावीकडं आलं.

"ऱ्हाऊ द्या आता!" द्वारकानं सायकल हिसकावली, वर चढली आणि सर्कसच्या मैदानाच्या दिशेनं पायडल मारलं. चाक वळलं. तिनं जोर लावला, तरी ते मुंजाबांभोवतीच गोल फिरत राहिलं.

"सोडा ना काका! चार वाजत आले!" ती संतापून ओरडली.

मुंजाबांनी दोन्ही हात वर करून दाखवले. चाक आणखी जवळ आलं.