सोललेली वायर

बादलचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाले बांधून होते. सलाईन उपटून फेकत होता म्हणून. डोळे टक्क उघडे, पण अय्याज समोर येऊन उभा राह्यला तरी ते हलले नाहीत.

वॉर्डात सगळे फवारणीवालेच. पलंग पुरले नाहीत म्हणून खाली गाद्या टाकल्या होत्या. यंदा कपाशीची पराटी माणसाच्या डोक्यावर गेलती, विषाचा फवारा उलटा तोंडावरच पडे.

अय्याजनं पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला. ग्राफ काढणारा, विटेएवढा, भंगारातून आणलेला. मागचं झाकण नव्हतं, मोबाईलची बॅटरी रबरानं बांधून होती अन् वायरी बाहेर लोंबत होत्या. गेटवर वॉचमननं उलटापालटा करून पाह्यला होता.

"नाव काय तुहं?"

"अय्याज."

"अन् हे काय होय?"

"कॅल्क्युलेटर."

"हिशेबच करते ना? का उडते बिडते?"

एरवी अय्याज तिथंच भिडला असता. आज त्यानं खिशातला स्क्रू खोलाचा पेचकस काढून वॉचमनच्या टेबलावर आपटला अन् आत आला.

बादलची माय, मोतीबाई, पलंगापाशी वाटी-चमचा घेऊन बसली होती.

"मावशी, ओळखते का?"

"मले बी नाही ओळखत रे बेटा. तोंड सारखं कोरडं पडते त्याचं. पाणी देतो तं दात घट्ट मिटते."

अय्याज वाकला. "बादल, अबे, पेटला. पाह्य."

त्यानं बटण दाबलं. काचेच्या मागून निळा उजेड आला अन् एक लाट डावीकडून उजवीकडे सरकू लागली. कंपनीनं त्या काचेमागं उजेड ठेवलाच नव्हता. जुन्या मोबाईलचे दिवे काढून या दोघांनी घातला. कोणतं बटण चिपच्या कोणत्या पायाले जाते याचा नकाशा बी कुठं छापलेला नव्हता. उन्हाळाभर अय्याजच्या बापाच्या रेडिओ-मोबाईलच्या दुकानात बसून पाठीचा काटा ढिला झाला. केसासारख्या तांब्याच्या रेघा बादल भिंगाशिवाय पाहे, अय्याज कथिलाचा डाग देई.

आता अय्याजनं कॅल्क्युलेटर त्याच्या तोंडापुढं धरला. लाट बादलच्या इंजेक्शनानं मोठ्या झालेल्या बाहुलीत सरकत गेली. पापणी हलली नाही.

"बंद कर बेटा, डोळे दुखतीन त्याचे," मोतीबाई म्हणली.

"दिसतच नाही त्याले, मावशी!"

तोंडातून जोरात निघून गेलं. बाजूच्या गादीवरचा माणूस इकडं पाहू लागला. मोतीबाईनं पदरानं चमचा पुसला. तो कोरडाच होता.

डॉक्टर आला. त्याच्याही डोळ्यात झोप नव्हती.

"फवारल्यावर हात न धुता काही खाल्लं होतं का यानं? बिडी? तंबाखूचा खर्रा?"

"नाही साहेब," मोतीबाई म्हणली. "घरी आलाच नाही. वावरातून सीधा याच्या दुकानात गेलता."

डॉक्टरनं अय्याजकडं पाह्यलं.

"मी फोन केलता," अय्याज म्हणला. "म्हणलं दिवे लागले, असशील तसा ये. तो तसाच आला. पाठीवर पंप होता."

"आणि खाल्लं काय तिथे?"

"काहीच नाही. वायर सोलली."

"म्हणजे?"

"दातानं."

अय्याजनं कॅल्क्युलेटर उलटा केला. लाल वायर होती, तिच्या टोकाले दाताचे वळ. दुकानात खिळ्याले कटर टांगून होता. बादल त्याले हात लावत नसे. "तू कटर शोधशीन तोवर माह्या दोन सोलून होतात," म्हणे अन् तोंडात वायर धरून हासे.

डॉक्टरनं वायर पाह्यली, परत दिली.

"श्वासातून गेलं, कातडीतून गेलं, तोंडातून गेलं. आता सगळं एकच. इलाज चालू आहे तोच."

"पण या वायरनं झालं का, साहेब? तेवढं सांगा."

"ते कोणालाच सांगता येणार नाही, बाळा."

डॉक्टर पुढच्या गादीपाशी जाऊन खाली बसला. मोतीबाई वाटी भरून आणाले गेली.

अय्याजले समजत नव्हतं हे यंत्र घेऊन आपण कायले आलो. घरी न्यावं तं नेववत नव्हतं. त्यानं ते बादलच्या बांधलेल्या तळहाताखाली सरकवलं. जराशानं बोटं हलली. बटणांवरून खाली खाली गेली अन् शेवटच्या ओळीवर थांबली. एक बटण दोनदा दाबलं. काच तशीच राह्यली.

"अय्याज?" आवाज नव्हता, नुसती हवा.

"हौ. हौ बे, मीच होय."

"खालची लाइन मेली."

"मेली. तिचीच वायर राह्यली."

"दे."

बादलनं तोंड उघडलं. जीभ लाकडासारखी, दात बाहेर. तसाच वाट पाहत राह्यला.

तेवढ्यात मोतीबाई आली. पोराचं उघडं तोंड पाहून जवळ जवळ पळालीच. "उघडलं! पाह्य रे अय्याज, तोंड उघडलं त्यानं!" वाटीतलं पाणी सांडत तिनं चमचा आत घातला.

बादलनं चमचा दातात धरला अन् मान एका बाजूले ओढली. पाणी हनवटीवरून उशीत गेलं. त्यानं आणखी जोरानं ओढली.

"सोड ना बेटा. पाणी होय. याडी होय तुही, माय. सोड."

तो सोडे ना. हिरड्यातून रक्त आलं. मोतीबाई एकदा पोराकडं पाहे, एकदा अय्याजकडं.

अय्याज त्याच्या कानाशी वाकला.

"झाली बे," म्हणला. "सोलली."

बादलनं चमचा सोडला.