बाल्कनीचा जिना

टॉकीजच्या दारातच चनबसप्पाने बहिणीला पुन्हा बजावलं, "कुणी विचारलं तर आपण सिनेमाला आलोय. बास."

"मग काय मयताला आलोय म्हणू?" काशम्मा फणकारली.

आले होते पोरगी दाखवायला. सिनेमा आपला निमित्ताला. भवानी पेठेत घरी पाहुणे आले की साऱ्या गल्लीला कळतं, आणि नकार आला की तोही कळतो. हेमावतीला दोन नकार आले होते. तिसरा यायचाच असेल तर तो बाहेरच्या बाहेर यावा, एवढंच बापाचं म्हणणं.

पोरगी लंगडते, ही बातमी कुणीतरी अक्कलकोटला मुलाच्या घरी पोचवली होती. ती खोटीही नव्हती. लहानपणी बैलगाडीवरून पडली तेव्हापासून तिचा डावा पाय जरासा ओढायचा. सपाटीवर ते लगेच दिसायचं. पण साडी घोट्याखाली सोडली आणि कठडा धरून जिना चढली की काही म्हणता काही दिसत नव्हतं. हा शोध काशम्माचा. टॉकीजही तिनेच ठरवली. बाल्कनीला जाणारा असा रुंद, वळत गेलेला मोझॅकचा जिना, त्याला पितळी कठडा, आणि खालच्या हॉलमधून वरपर्यंत माणूस अख्खं दिसणार. घरी माळवदाच्या पायऱ्यांवर तिने भाचीकडून चढणं अगदी घटवून घेतलं होतं.

"आणि पाय अडखळलाच तर?" हेमावतीने विचारलं होतं.

"चप्पल नवी हाय म्हणायचं."

त्यासाठी चप्पल नवी घेतलीसुद्धा. उगाच खोटं कशाला बोला!

तिघं लवकर येऊन जिन्याच्या पायथ्याशीच उभी राहिली. थोड्या वेळाने नीलम्मा आपल्या मुलाला, शिवशरणला घेऊन आत आली.

"अगंबाई, तुम्ही हितं कसे?" अक्कलकोटहून मुद्दाम एस.टी. धरून आलेल्या बाईने विचारलं.

"सहजच," चनबसप्पा म्हणाला.

शिवशरणने नवी बेलबॉटम घातली होती. तो भिंतीवरच्या फोटोंकडे बघत उभा राहिला. बघायला आलेल्या मुलाने थेट बघायचं नसतं. नीलम्मा मात्र खुशाल बघत होती, साडीच्या काठाच्या खाली.

"चला, जागा धरू," असं म्हणत काशम्माने हेमावतीला पुढे घातलं.

हेमावतीने कठडा धरला. भीतीही वाटत होती आणि रागही येत होता. मागून आत्या कानडीत "निधान, निधान" पुटपुटत होती, हळू जा म्हणून. पायरी, मग पायरी. वळण आलं, गेलं. ती वर पोचली तेव्हा बाल्कनीच्या डोअरकीपरने तिकिटासाठी हात पुढे केला, आणि काशम्माने एवढा मोठा सुस्कारा सोडला की तो खालीही ऐकू गेला असेल.

खाली नीलम्मा हसून म्हणाली, "चढताना काय, समदे सारकेच. उतरताना कळतं." मग पिशवीतून पानात बांधलेला गजरा काढला. "पोरीला द्यायचा राह्यलाच बघा. बोलवा की तिला जरा खाली."

चनबसप्पाने एकदा जिन्याकडे, एकदा गजऱ्याकडे पाहिलं. शेवटी हाक मारली,

"हेमा, खाली ये गं जरा. गजरा आणलाय ह्यांनी."

वर काशम्माचं तोंड उतरलं. चढायचं तेवढं घटवलं होतं. चढलेल्या माणसाला उतरावं लागतं, हे एवढ्या शहाण्या बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता चप्पल नवी असून काय उपयोग होता!

हेमावतीने वरून एकेकाकडे पाहिलं. बापाकडे, नीलम्माकडे, फोटोंकडे बघणाऱ्या त्या मुलाकडे. मग त्याच्याकडेच बघत मोठ्याने म्हणाली,

"त्यांनाच घेऊन येऊ द्या की वर."

हॉलमधली चार माणसं वळून बघू लागली. काशम्माने तिला चिमटा काढला. नीलम्मा जराशी थबकली, पण गजरा तो गजरा. त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं?

"जा रं शिवा. दिऊन ये."

शिवशरणने पान हातात घेतलं आणि जिना चढू लागला. खालून आई बघत होती, चनबसप्पा बघत होता, तिकिटाच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं बघत होती. वरून काशम्मा तर अशी निरखून बघत होती, जणू उभ्या जन्मात तिने पुरुषाचे पाय पाहिलेच नव्हते. चार पायऱ्या तो झपाझप गेला. मग सगळ्यांची नजर त्याला कळली, आणि आधी कुठला पाय टाकावा हेच सुचेना. वळणावर पायरी चुकली. तो गुडघ्यावर आपटला, पान हातातून सुटलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

हेमावतीला हसू आलं नाही.

"चप्पल नवी हाय का?" तिने विचारलं.

शिवशरणने गजरा उचलला. उरलेल्या पायऱ्या चढून तिच्यासमोर आला. कान लाल झाले होते.

"न्हाय," तो म्हणाला. "जुनीच हाय. समदे पायाकडं बघाय लागले की..."

हेमावतीने गजरा घेतला, केसांत माळला. "आईंना भेटून येते," ती आत्याला म्हणाली आणि कठडा सोडून खाली उतरू लागली. घरात चालते तशीच, डावा पाय ओढत. शिवशरण तिच्या बरोबरीने उतरत होता.

एवढ्या लांबून उतरणं बघायला आलेली नीलम्मा पुढे धावली. तिची नजर लेकाच्या पायांवर होती.

"कठडा धर रं, शिवा!" ती ओरडली. "कठडा धर!"