तिसरी नळी

"टाकी तयार आहे असं कुणी ठरवलं?" थोरलीने चपला काढता काढताच विचारलं.

तिच्या हातात झाकणाची बादली होती. आत तिची क्लाउन माशांची जोडी, अकरा वर्षांची. शोभेच्या माशांचं दुकान तिने त्याच दिवशी सकाळी कायमचं बंद केलं होतं. टाक्या गेल्या, बाकीचे मासे गिऱ्हाइकांकडे गेले, दुकानामागची राहायची खोलीही गेली. नव्या भाड्याच्या खोलीत मासे पाळायला मनाई होती. धाकट्या भावाने "ताई, तू पण इथेच राहा" म्हटलं, तेव्हा ती "बघू" म्हणाली होती. तिचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे घरात सगळ्यांना पाठ होतं. जोडी मात्र तिने त्याला देऊ केली होती, तीही टाकी स्वतः तपासल्यावर.

"मीच ठरवलं," धाकटा म्हणाला. "बावीस दिवस झाले खारं पाणी भरून. ही बघ वही."

थोरलीने वहीकडे नाही, टाकीकडे पाहिलं. काच लखलखत होती. दगड पांढरेशुभ्र. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तीन आठवड्यांच्या टाकीत काचेवर तपकिरी थर धरतो, दगडांवर डाग पडतात. ही टाकी आत्ताच दुकानातून उचलून आणल्यासारखी दिसत होती.

"चहा टाकू का, ताई?" भावजयीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"आधी पाणी बघते."

या घरी आली की ती आधी काहीतरी बघायचीच. गॅसची नळी, दुधाच्या पिशवीवरची तारीख, पायपुसण्याखालची फरशी. धाकटा ते हसण्यावारी न्यायचा. भावजय हसायची नाही.

थोरलीने तीन काचेच्या नळ्यांत टाकीतलं पाणी घेतलं आणि आपल्या डब्यातल्या बाटल्यांमधून थेंब मोजून टाकले. पहिली नळी अमोनियाची. नव्या टाकीत मासे मरतात ते याच विषाने. शून्य. दुसरी नायट्राइटची; टाकीत वाढणारे उपयोगी जंतू अमोनिया खातात तेव्हा मागे उरणारं दुसरं विष. तेही शून्य.

"बघ!" धाकटा खुलला.

"थांब जरा."

तिची सगळी भिस्त तिसऱ्या नळीवर. जंतू खरोखर कामाला लागले असतील, तर त्या दोन्ही विषांचं शेवटी नायट्रेट होतं. ते पाण्यात साठत जातं आणि नळी नारिंगी होते. पाच मिनिटं गेली. मग आणखी पाच. नळी पिवळीच राहिली.

"तिन्ही शून्य," ती म्हणाली. "म्हणजे या पाण्यात काही घडलेलंच नाही."

आता तिने वही उघडली. अमोनिया चढलेला, मग उतरलेला, आज सकाळचं नायट्रेट वीस. सगळं एकाच पेनाने, एकाच वळणात, ओळीला ओळ लावून.

"हे एका बैठकीत लिहिलंयस तू. शाळेत गृहपाठ असाच उरकायचास."

धाकट्याचा चेहरा पडला. "रोज सकाळी उठून लिहिलंय गं, ताई. शप्पथ."

"मग सकाळचं वीस कुठे गेलं? पाय फुटले त्याला?"

धाकटा टाकीजवळ गेला आणि वाकून आत बघत राहिला. "सकाळी हे दगड एवढे पांढरे नव्हते," तो हळूच म्हणाला.

"तो खरं सांगतोय," भावजय म्हणाली. ती अजून दारातच होती. "मी घासली टाकी. आज दुपारी, तो कामावर गेल्यावर. सगळं पाणी काढलं, दगड नळाखाली ब्रशने धुतले, तो गाळणीचा स्पंज साबणातून पिळला. पिंपात त्याने खारं पाणी करून ठेवलं होतं, ते भरलं."

"अगं, पण का?" धाकटा ओरडलाच.

ती नवऱ्याशी बोलली नाही. नणंदेकडे बघून म्हणाली, "तुम्ही येणार होतात. काचेवर सगळं तपकिरी झालं होतं. म्हटलं, ताई म्हणतील, हिला एक टाकीसुद्धा स्वच्छ ठेवता येत नाही."

बावीस दिवस दगडांवर आणि स्पंजात जपलेले जंतू नळाच्या पाण्यात एका दुपारी मेले होते. राग येईल असं थोरलीला वाटलं होतं, पण आली ती लाज. भावजयीची बोटं मिठाने आणि साबणाने पांढरी पडली होती, दोन ठिकाणी सालटं निघाली होती.

"आता गं?" धाकट्याने विचारलं.

"आता पहिल्यापासून. तीन आठवडे तरी. तोवर ही दोघं बादलीत. हवेचा पंप लावायचा, रोज अर्धं पाणी बदलायचं. तुम्हाला ते जमायचं..." तिने जीभ चावली. मग भावाला नाही, भावजयीला विचारलं, "मी राहू का इथे, तेवढे दिवस?"

"मागची खोली आहे," भावजय म्हणाली. "पण फार पसारा आहे तिथे. तासभर द्या मला."

"आवरू नकोस. आहे तशी चालेल मला. खरंच."

भावजयीने मान डोलावली. मग आत गेली आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. थोड्याच वेळात तिथून फरशी घासल्याचा आवाज यायला लागला.