तिसरी सही

"सही करा," मोठे साहेब म्हणाले, आणि भिंगकाकांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं.

उड्डाणाच्या कागदावर तीन सह्या लागत. साहेबांची झाली होती, फोरमनची झाली होती. तिसरी तपासनिसाची, म्हणजे भिंगकाकांची. खिशात कायम भिंग, म्हणून कारखान्यात त्यांना हेच नाव पडलं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून पेन असं कधी निसटलं नव्हतं.

"आजचा दिवस जाऊ द्या, साहेब. उद्या उडवू."

"उद्या सरकारची समिती इथे नसेल. आज विमान उडालं, तर देश आपली विमानं आपण बांधणार. नाही उडालं, तर सोमवारी बाहेरच्यांशी खरेदीचा करार. मग या शेडमध्ये आपण बटाटे साठवायचे."

एरवी भिंगकाका हसले असते. आज ते खिडकीबाहेर बघत राहिले. धावपट्टीच्या टोकाला पाच वर्षं खपून बांधलेलं राखाडी लढाऊ विमान उभं होतं. समोरच्या मांडवात समितीची माणसं चहा पीत होती.

सकाळी इंजिन जमिनीवर दहा मिनिटं चालवून पाहिलं होतं. काही गडबड असली तर धोक्याचा दिवा लागतो. भिंगकाका दहाच्या दहा मिनिटं त्या दिव्यावर नजर लावून होते. तो लागला नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगकाकांचे हात खिशातच राहिले.

त्यात नऊ वाजता साहेबांनी सांगितलं, की ठरलेला वैमानिक तापाने फणफणलाय आणि राखीव वैमानिक उडवेल. राखीव वैमानिक म्हणजे भिंगकाकांची एकुलती एक लेक.

या विमानावरून घरी बापलेकीचं रोज वाजायचं. "विकतचं विमान दुसऱ्यांच्या पोरांनी आधी पडून पाहिलेलं असतं," ते म्हणायचे. "आपलं कोण पडून बघणार? तूच ना?" त्यावर ती म्हणायची, "आणि विकतचं बिघडलं की बाबा? एका नटासाठी त्यांच्या दारात उभं राहायचं. लढाई थांबते का तोवर?" मग आई दोघांच्या मध्ये भाजीचं पातेलं आणून ठेवायची. विमान जेवण झाल्यावर उडवा, म्हणायची.

दार उघडून लेक आत आली. अंगात उड्डाणाचा पोशाख, काखेत हेल्मेट.

"बाबा, सही राहिलीय म्हणे."

"तू जाऊ नकोस."

"का?"

"इंजिनाचा आवाज वेगळा येतोय."

"नेमका कुठून?"

भिंगकाकांनी खिशातलं भिंग चाचपलं. "आतून. कुठूनतरी."

"कुठूनतरी म्हणून विमान थांबवत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. जागा सांगा, आत्ता उघडून बघू."

त्यांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ करून ठेवलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"अजून काही सांगायचंय का, बाबा?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने हातमोजे चढवायला नको तितका वेळ लावला. मग ती जिना उतरून गेली.

"पोरीच्या काळजीने बापाने थांबवलं, असं मी समितीला सांगू शकत नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या जागी मी सही करू शकतो. नियमात बसतं." त्यांनी कागद ओढून सही ठोकली.

खाली ती विमानापाशी पोहोचली. फोरमनने शिडी लावली. ती एकेक पायरी चढू लागली, तसा भिंगकाकांना दम लागत गेला, जणू तेच चढत होते. इतकी भीती त्यांना तिच्या जन्माच्या वेळी वाटली होती, दवाखान्याच्या बाकावर. तेव्हा निदान देवाला हात जोडता येत होते. आज कोणत्या तोंडाने जोडायचे?

वरची काच बंद झाली. इंजिन घरघरलं. खिडकीची तावदानं थरथरली.

"थांबवा!" भिंगकाका टेबलाला धरून उभे राहिले. "साहेब, थांबवा. डाव्या बाजूचं सातवं झाकण. त्याच्यामागे इंधनाची नळी आहे. तिचा नट दीड फेरा सैल आहे. वर गेलं की निसटेल. आग लागेल."

साहेब हलले नाहीत. "झाकण तर बंद आहे. सोळा स्क्रू आहेत त्याला. आतला नट तुम्हाला कसा दिसला?"

बाहेर विमान हळूच पुढे सरकलं.

"मी केला," भिंगकाका म्हणाले. "काल, जेवणाच्या सुट्टीत. सकाळी जमिनीवरच इंधन गळायला हवं होतं. दिवा लागला असता, उड्डाण रद्द झालं असतं, कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. विमानं बाहेरून विकत घेतली असती तुम्ही. पुढची वीस वर्षं माझी पोर असल्या नव्या विमानांत बसली नसती. आता थांबवा हो, पाया पडतो."

साहेबांनी खाली फोरमनला फोन लावला. "उतरव तिला," एवढंच बोलून ठेवला. इंजिनाचा आवाज बसत गेला. भिंगकाका खुर्चीत कोसळले आणि लहान मुलासारखे रडले.

"झाकण उघडा," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "नट बघा आधी."

"नट कालच संध्याकाळी फोरमनला सापडला. त्याने तेव्हाच घट्ट केला. हात कुणाचा, ते तेवढं कळत नव्हतं."

"आणि तो ठरलेला वैमानिक?"

"शेजारच्या खोलीत बसलाय, ठणठणीत. आता तोच उडवेल."

भिंगकाकांनी डोळे पुसले. "म्हणजे तुमचा माझ्यावर संशय होता?"

"माझा नाही. मी तुमच्यासाठी भांडलो," साहेब म्हणाले. "‘आज मी उडवतेय, असं बाबांना सांगा, बाकीचं ते आपणहून सांगतील,’ असं तुमची लेक म्हणाली."