अनोळखी बाई

चोऱ्या वाढल्यापासून सोसायटीतले सगळे डोळ्यांत तेल घालून असायचे. एका दुपारी ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला, "कुणी अनोळखी बाई दारं बडवतेय. पाणी द्या, लवकर बाहेर या म्हणतेय."

सेक्रेटरींनी ऑफिसातूनच लिहिलं, "चोरांची नवी युक्ती असेल. कुणीही दार उघडू नका. पोलिसांना कळवून मीही निघतोय."

बाई मजल्यामागून मजले फिरली, तिचा घसा बसला, पण एकही कडी निघाली नाही. आतून सगळे सेक्रेटरींना अंगठे पाठवत राहिले.

पाऊण तासाने पोलिसांना घेऊन सेक्रेटरी जिना चढले, तेव्हा ती पायरीवर बसली होती.



तिच्या मांडीवर सेक्रेटरींच्या आईचं डोकं होतं, गार पडलेलं.