तिच्यासाठी बनवलेलं अत्तर

"हे आमच्या लग्नाच्या वर्षीचं," म्हातारीने रिकामी बाटली अत्तरवालीच्या पुढ्यात ठेवली. "यांनी खास माझ्यासाठी बनवून घेतलं. चाळीस वर्षं दुसरं काही अंगाला लावलं नाही. जावा विचारून विचारून थकल्या, पण दुकानाचा पत्ता मी कुणाला लागू दिला नाही."

मागे स्टुलावर तिचा नवरा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. दरवेळी तो एकटाच येऊन बाटली भरून न्यायचा. आता त्याचे पाय साथ देईनात, म्हणून ती बरोबर आली होती. 'तू कशाला येतेस,' असं त्याने घरातून निघताना तीनदा म्हणून पाहिलं होतं.

अत्तरवालीने खण उपसून त्या अत्तराचं पिवळं पडलेलं कार्ड काढलं. "आमचे बाबा फार काटेकोर होते, आजी. जिच्यासाठी अत्तर बनवायचं, तिची आधी सगळी चौकशी करायचे. बोलते कशी, रुसते कशी. मगच बाटल्या उघडायचे. एकीचं अत्तर दुसरीला कधी विकलं नाही त्यांनी." तिने कौतुकाने कार्ड पुढे धरलं. "ही बघा तारीख."

म्हातारीला अक्षरं जेमतेम लागत. पण उभा जन्म वजनकाट्यामागे गेलेला; आकड्यात तिला कुणी फसवू शकत नव्हतं. तिने तारीख वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली. लग्नाच्या तीन वर्षं आधीची. तेव्हा तिने या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"अहो," ती मागे न बघता म्हणाली, "ही कोण?"

म्हातारा काठीची मूठ चोळत राहिला.

"चाळीस वर्षं मला तिचा वास लावून फिरवलंत. आणि मी मेली चारचौघांत मिरवत होते."

अत्तरवालीने घाईघाईने कार्ड उचलायला हात पुढे केला. म्हातारीने तो बाजूला सारला.

"तू नको घाबरू, पोरी. कोरं कार्ड काढ. आता माझं अत्तर बनव. तुझे बाबा विचारायचे तसं यांना विचार. बघू तरी बायकोबद्दल काय सांगतात."

"आजी, नंतर कधीतरी..."

"आत्ता."

अत्तरवालीने पेन उघडलं. "आजोबा," ती चाचरत म्हणाली, "आजी सगळ्यात खुशीत कधी असतात?"

म्हाताऱ्याने नजर फरशीकडे वळवली. मग त्याचा चेहरा सैल पडला.

"पोहून आल्यावर," तो म्हणाला. "काठावर केस पिळत बसायची. थंडीने दात वाजायचे, तरी हसायची."

अत्तरवाली भराभर लिहू लागली.

म्हातारी जन्मात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती.

तिने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं, नवऱ्याच्या अगदी समोर मांडलं आणि त्यावर बसली.

"ते लिहू नको," ती म्हणाली. "पुढचं विचार."